चाळीस एकरांचे विस्मरण



जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी ज्यांनी स्वार्थत्याग केला, त्या अमेरिकन लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पुण्यात बसून हजारो कोसांवरील एका मुक्तिलढ्याशी आपल्या शूद्रातिशूद्रांचे नाते ओळखणारी ती दृष्टी किती व्यापक होती, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्याच १८७३ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत काय घडले, याची आठवण अर्पणपत्रिकेचा उल्लेख करताना क्वचितच काढली जाते.

१३ एप्रिल १८७३ हा ईस्टरचा रविवार होता. लुईझियाना राज्यात कोलफॅक्स नावाचे एक लहानसे गाव आहे. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत कोणता पक्ष विजयी झाला याबद्दल त्या राज्यात तंटा माजलेला होता. गावच्या न्यायकचेरीत कृष्णवर्णीय नागरिक ठाण मांडून बसले होते. आपण निवडलेल्या अधिकाऱ्यांना कोणी हुसकून लावू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने एक लहान तोफ आणून कचेरीला वेढा घातला आणि इमारत पेटवून दिली. शरण आलेल्या माणसांपैकी पुष्कळांना त्यानंतर, काहींना तर रात्री कैदी म्हणून नेत असताना, गोळ्या घालण्यात आल्या. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही. साठांपासून दीडशेपर्यंतचे आकडे दिले जातात. हल्लेखोरांपैकी तिघे दगावले. खटला चालला, मूठभर आरोपी दोषी ठरले आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडून दिले. चौदावी घटनादुरुस्ती राज्यसंस्थेच्या कृतींवर बंधन घालते, खाजगी व्यक्तींच्या नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ होता.

१९२१ साली कोलफॅक्सच्या दफनभूमीत एक स्तंभ उभारण्यात आला. त्यावर मेलेल्या तीन गोऱ्यांची नावे आहेत, आणि श्वेतवर्णीयांच्या वर्चस्वासाठी लढताना त्यांना वीरमरण आले, असा गौरव आहे. १९५०च्या सुमारास राज्य सरकारने रस्त्यालगत एक फलक लावला. त्या फलकाने या प्रकाराला 'दंगल' म्हटले आणि दक्षिणेतील गैरकारभाराचा येथे अंत झाला, असे वाटसरूंना सांगितले. हा फलक २०२१ साली हलविण्यात आला. म्हणजे सत्तर वर्षे सरकारी खर्चाने त्या जागी मारेकऱ्यांची बाजू मांडली जात होती.

कत्तल करणे आणि कत्तलीचे स्मारक उभारणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्याला एक दिवस पुरतो. दुसऱ्याला दोन पिढ्या लागतात आणि त्यासाठी प्राध्यापक, प्रकाशक, शिल्पकार व शाळाखाती यांची साथ लागते. १८६५ ते १८७७ या बारा वर्षांना अमेरिकेच्या इतिहासात 'पुनर्रचनेचा कालखंड' म्हणतात. त्याची कथा म्हणजे एका अपुऱ्या क्रांतीची आणि त्या क्रांतीच्या योजनापूर्वक घडविलेल्या विस्मरणाची कथा आहे.

प्रारंभ अर्थकारणापासून केला पाहिजे. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत सुमारे चाळीस लक्ष गुलाम होते. बाजारभावाने त्यांची किंमत तीन अब्ज डॉलरांहून अधिक भरत असे. देशातील रेल्वे आणि कारखाने यांत गुंतलेल्या एकूण भांडवलाहून ही रक्कम मोठी होती. माणसाला भांडवल मानणारी व्यवस्था मोडायची, म्हणजे एवढी मालमत्ता एका फटक्यासरशी रद्द करायची. ब्रिटनने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती दिली मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष २०१५ साली फिटला. अमेरिकेतही वॉशिंग्टन शहरापुरती मुक्ती एप्रिल १८६२ मध्ये झाली, ती दर गुलामामागे तीनशे डॉलरांपर्यंत मोबदला मालकाच्या हाती ठेवून. ज्याच्या श्रमाची पिढ्यान्‌पिढ्या लूट झाली, त्याचे काही देणे लागते हा विचारच हिशेबाच्या वहीत नव्हता.

तो एकदाच, अगदी थोडा वेळ, वहीत आला. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरात सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटीस बोलाविले. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझर हे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. त्यांनी आपले व पत्नीचे स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलेले होते. तुम्ही आपले स्वातंत्र्य कसे टिकवाल, असे त्यांना विचारण्यात आले. आम्हांला जमीन मिळावी आणि आमच्या श्रमाने आम्ही ती कसावी, असे त्यांनी निःसंदिग्ध उत्तर दिले. चारच दिवसांनी शर्मनने आदेश काढला. दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लोरिडा यांच्या किनाऱ्यालगतची सोडून दिलेली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यावी, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. लोककथेत या चाळीस एकरांना एक खेचरही जोडले गेले. मूळ आदेशात ते नाही. सैन्याने काही ठिकाणी जनावरे पुढे दिली एवढेच. जून महिन्यापर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे चार लक्ष एकरांवर वसली.

शर्मन काही समाजवादी नव्हता. आपल्या सैन्यामागे येणाऱ्या निर्वासितांच्या लोंढ्याची सोय लावणे, हा त्याचा तातडीचा हेतू होता. पण इतिहासात पुष्कळदा असे होते की, लष्करी गैरसोयीतून निघालेला हुकूम न्यायाची वाट दाखवून जातो, आणि शांततेच्या काळातील विचारी राज्यकर्ते ती वाट बुजवून टाकतात.

एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली. अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने पराभूत मळेवाल्यांना सरसहा माफी दिली आणि माफीबरोबर जमिनीही परत केल्या. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुक्त गुलामांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याचा प्रमुख सेनापती हॉवर्ड दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर गेला. या सज्जन माणसाने युद्धात उजवा हात गमावलेला होता. तुमच्या जुन्या धन्यांना क्षमा करा आणि त्यांच्याशी मजुरीचे करार करा, असे चर्चमध्ये जमलेल्या लोकांना सांगण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. त्या लोकांनी नंतर एक अर्ज लिहून त्याला उत्तर दिले. अर्जाचा आशय असा : ज्याने झाडाला बांधून फटके मारले, आई-बहिणींना फटकावले आणि आता आपल्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला विसरावे कसे? आम्ही राष्ट्राशी इमान राखले, शत्रूंनी राखले नाही. मग जमीन त्यांना आणि आम्हांला त्यांची चाकरी, हा न्याय कोणता? अर्ज फार साधा आहे. भूमिसुधारणेवरील कित्येक जाडजूड अहवालांपेक्षा तो अधिक समंजस आहे.

पेनसिल्व्हेनियाचा लोकप्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स याने बड्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्यांना चाळीस चाळीस एकर वाटून द्याव्या, अशी योजना मांडली होती. काँग्रेसने ती स्वीकारली नाही. स्टीव्हन्सच्याच रिपब्लिकन पक्षातील उत्तरेचे कारखानदार मतदानाच्या हक्कापर्यंत आले, मालमत्तेच्या प्रश्नावर मात्र थबकले. दक्षिणेत एकदा मळे जप्त झाले, तर उत्तरेतील कामगार गिरण्यांकडे बोट दाखवील, ही भीती त्या काळच्या वृत्तपत्रांतून उघड व्यक्त होत होती. स्टीव्हन्स १८६८ साली वारला आणि प्रश्न त्याच्याबरोबर पुरला गेला.

जमीन नाकारली की मुक्तीचे काय होते, हे दक्षिणेच्या राज्यांनी केलेल्या 'काळ्या कायद्यां'वरून दिसते. मिसिसिपीच्या १८६५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कृष्णवर्णीयाजवळ जानेवारीत वर्षभराच्या नोकरीचा लेखी पुरावा असला पाहिजे. करार अर्ध्यावर सोडला तर आधीची मजुरीही बुडाली. शहराबाहेर त्याला जमीन खंडाने घेता येणार नाही. दक्षिण कॅरोलायनात शेतमजुरी किंवा घरकाम याखेरीज दुसरा कोणताही धंदा करायचा, तर दरसाल दहा ते शंभर डॉलर शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. रिकामा दिसेल त्याला उडाणटप्पू ठरवून दंड करावा आणि दंड भरता आला नाही म्हणून त्याचे श्रम लिलावात काढावे! चाबूक खाजगी मालकाच्या हातून सरकारी शिपायाच्या हाती गेला.

या कायद्यांनी उत्तरेतील मतदार चिडला. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा, १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती आणि मध्यंतरी १८६७ साली दक्षिणेत लष्करी देखरेखीखाली सार्वत्रिक पुरुष मतदान, असा तो वेगवान क्रम आहे. आणि मग जे घडले त्याला जगाच्या इतिहासात फारशी तोड नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांना लिहिणे-वाचणे शिकविणे हाही गुन्हा होता, ती माणसे घटनासमित्यांत बसून राज्यघटना लिहू लागली. एकंदर दोन हजारांच्या आसपास कृष्णवर्णीयांनी या काळात सार्वजनिक पदे भूषविली. सोळा जण अमेरिकन काँग्रेसमध्ये बसले. त्यांपैकी हायराम रेव्हल्स आणि ब्लांच ब्रूस हे दोघे सीनेटमध्ये. रॉबर्ट स्मॉल्सने गुलाम असताना १८६२ मध्ये चार्ल्स्टनच्या बंदरातून बंडखोरांचे जहाजच पळवून उत्तरेच्या नौदलाच्या स्वाधीन केले होते. तो पुढे लोकप्रतिनिधी झाला. दक्षिण कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात तर कृष्णवर्णीयांचे बहुमत होते.

या सरकारांनी केलेले सर्वांत टिकाऊ काम कोणते? दक्षिणेत करांच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक शाळा त्यांनी प्रथम उभ्या केल्या. त्या शाळांचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. शाळांसाठी पैसा हवा, म्हणून जमिनीवरचा कर वाढला. युद्धापूर्वी मळेवाला जवळजवळ करमुक्त होता. राज्याचा खर्च गुलामांवरील डोईपट्टी व इतर किरकोळ पट्ट्यांतून भागे. आता पडीक ठेवलेल्या जमिनीवरही कर भरावा लागू लागला. १८७१ व १८७४ साली दक्षिण कॅरोलायनात मळेवाल्यांनी 'करदात्यांच्या परिषदा' भरविल्या आणि उधळपट्टीच्या नावाने आक्रोश केला. वर्णद्वेषाच्या भाषेखाली जमीनधारकाचे हितसंबंध कसे वावरतात, हे ज्याला शिकायचे असेल, त्याने या परिषदांचे ठराव वाचावे.

भ्रष्टाचार झाला नाही असे नाही. रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांत लाचलुचपत झाली, काही कृष्णवर्णीय पुढारीही तीत सापडले. मात्र त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहरात ट्वीड आणि त्याच्या टोळीने केलेली लूट याच्या कितीतरी पट मोठी होती, आणि ती टोळी गोरी होती. मिसिसिपीमध्ये 'प्रामाणिक' गोऱ्यांचे राज्य परत आल्यावर त्यांच्याच खजिनदाराने तीन लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम गिळंकृत केल्याचे १८९० मध्ये उघडकीस आले. तेवढ्यावरून गोरे लोक स्वराज्यास अपात्र आहेत, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. पात्रतेची परीक्षा नेहमी खालच्यालाच द्यावी लागते.

येथे कामगार चळवळीचाही हिशेब मांडणे प्राप्त आहे. १८६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वतीने कार्ल मार्क्सने लिंकनला अभिनंदनपत्र लिहिले होते. काळ्या कातडीचे श्रम बेडीत असताना गोऱ्या कातडीचे श्रम मुक्त होणार नाहीत, हे मार्क्सने बजावले होते. अमेरिकेतील संघटित कामगारांनी ते मानले का? १८६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कामगार संघाच्या व्यासपीठावर ऐक्याची भाषणे झाली. पण त्यातील बहुतेक धंदेवाईक संघटनांनी आपले दरवाजे कृष्णवर्णीयांना बंदच ठेवले. अखेर बाल्टिमोरच्या गोदीतील आयझॅक मायर्स याच्या पुढाकाराने १८६९ साली कृष्णवर्णीयांना स्वतंत्र संघ काढावा लागला. दक्षिणेतील मळेवाला एकटा जिंकला नाही. उत्तरेतील गोऱ्या कामगाराच्या उदासीनतेची त्याला मदत झाली. समाजवाद्यांनी हा भाग घाईघाईने उरकून पुढे जाऊ नये.

बचतीचेही असेच झाले. मुक्त गुलामांसाठी १८६५ साली काँग्रेसच्या सनदेने एक बचत बँक निघाली. पै-पैसा साठवून लोकांनी तीत ठेवला. संचालकांनी तो वॉशिंग्टनच्या सट्टेबाजांना कर्जाऊ दिला. १८७३ च्या मंदीत ती डबघाईला आली, तेव्हा फ्रेडरिक डग्लसला अध्यक्षपदी बसविण्यात आले. आतली स्थिती न कळल्यामुळे त्याने स्वतःचे दहा हजार डॉलरही बँकेला उसने दिले. जून १८७४ मध्ये बँक बुडाली. सुमारे एकसष्ट हजार खातेदारांचे जवळजवळ तीस लक्ष डॉलर अडकले. बुडविले कोणी आणि बदनाम कोण झाले, हे सांगायला नको.

भूमिहीन शेतकऱ्यापुढे राहिला तो वाट्याने शेती करण्याचा मार्ग. जमीन मालकाची, कष्ट याचे. पिकाचा अर्धा भाग मालकाचा. उरलेल्या अर्ध्यावर दुकानदाराची नजर, कारण पीक येईपर्यंतचे धान्य, कापड, खत उधारीवर घ्यायचे आणि उभे पीक तारण म्हणून लिहून द्यायचे. दुकानदार सांगे, कापूसच लाव, कारण कापूस रोकड आहे. वर्षअखेर हिशेब होई आणि बाकी कुळाच्या अंगावर निघे. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. ते एकाच बाजारपेठेचे दोन तुकडे होते. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा मुंबईचा कापूस सोन्याच्या मोलाने गेला. बॅक बेच्या समुद्रात भर घालणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर माणसे लक्षाधीश झाली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. शेअरबाजारातील दिवाळखोरांची नावे इतिहासात राहिली. भाव उतरल्यावर कर्जात रुतलेला दख्खनचा कुणबी राहिला तो १८७५ च्या दंग्यांच्या चौकशी अहवालात. त्या वर्षी मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. जॉर्जियातील कूळ आणि पुणे जिल्ह्यातील कुणबी यांना एकमेकांचे नाव ठाऊक नव्हते, तरी दोघांच्या मानेवरील फास कापसाच्या एकाच भावाने आवळला जात होता. भेद एवढाच की, इकडे परकीय सरकारने का होईना, १८७९ साली शेतकऱ्याला थोडाफार दिलासा देणारा कायदा केला. तिकडे स्वकीय विधानसभांनी तारणाचे कायदे उलट मालकाच्या बाजूने कडक केले.

आणि या सर्वांना धाकाची जोड होती. टेनेसीत जन्मलेल्या कू क्लक्स क्लानने शाळा जाळल्या, शिक्षकांना फटकावले, पुढाऱ्यांना ठार मारले. १८७०-७१ च्या कायद्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँटने क्लान मोडली खरी. पण कोलफॅक्सनंतर मारेकऱ्यांना बुरख्याचीही गरज उरली नाही. १८७६ च्या निवडणुकीचा तंटा तडजोडीने मिटला, हेझ राष्ट्राध्यक्ष झाला, आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिणेतील राजधान्यांच्या रक्षणाला असलेले सैन्य बराकींत परतले. त्याच वर्षीच्या जुलैत रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा तो मोडण्यासाठी सरकारला सैन्य सापडले!

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १८८३ साली नागरी हक्कांचा १८७५ चा कायदा न्यायालयाने रद्द केला. १८९६ साली वेगळे डबे घटनामान्य झाले. साक्षरतेच्या परीक्षा आणि मतपट्टी यांनी मतदार गाळले. लुईझियानात १८९६ साली एक लक्ष तीस हजारांवर कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ पर्यंत तेराशेच्या घरात उरले. तेराव्या घटनादुरुस्तीने गुन्हेगारांपुरती सक्तमजुरी शिल्लक ठेवलेली होतीच. त्या फटीतून कैदी भाड्याने देण्याचा धंदा बहरला. अलाबामात तो १९२८ पर्यंत चालला.

आता स्मृतीकडे वळले पाहिजे. मारून टाकलेल्या लोकशाहीबद्दल असा समज कसा पसरला की, ती स्वतःच्या नालायकीने मेली?

प्रारंभीची स्मृती मुक्त झालेल्यांची होती. १ मे १८६५ रोजी चार्ल्स्टनमध्ये त्यांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात मिरवणूक काढली. तेथे कैदेत मेलेल्या उत्तरेच्या २५७ सैनिकांची प्रेते घाईने पुरलेली होती. कृष्णवर्णीय मजुरांनी ती पुन्हा नीट दफन केली, कुंपण घातले आणि हजारो माणसांनी, शाळेतल्या मुलांनीही, फुले वाहिली. हुतात्म्यांना फुले वाहण्याच्या अमेरिकन प्रथेचा हा एक आरंभ. पण राष्ट्रीय सणाच्या पुस्तकांतून तो शतकभर गाळला गेला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लिंकनची हत्या झाल्याचे ऐकून व्हर्जिनियातील गुलामीतून मुक्त झालेल्या शार्लट स्कॉट या बाईने पाच डॉलर काढून दिले आणि त्याचे स्मारक करा म्हणून सांगितले. त्यापाठोपाठ कृष्णवर्णीय सैनिकांनी आणि मजुरांनी हजारो डॉलर जमविले. पण निधीचा कारभार सेंट लुईच्या एका गोऱ्या सेवासमितीच्या हाती होता. पुतळा कसा असावा हे देणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो उघडण्यात आला : लिंकन ताठ उभा, हात पुढे केलेला, आणि त्याच्या पायाशी गुडघ्यावर असलेला, कमरेला वस्त्र गुंडाळलेला मुक्त गुलाम. स्वतः ग्रँट समोर बसलेला असताना डग्लसने भाषण केले. लिंकन हा मुख्यतः गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, आम्ही त्याची सावत्र मुले, असे तो स्पष्ट बोलला आणि तरीही त्याचे ऋण मान्य केले. कृतज्ञता आणि लाचारी यांतील सीमारेषा इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी आखली असेल. काही दिवसांनी त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले की, गुडघे टेकलेला माणूस बघवत नाही. आपल्या पायांवर उभा असलेला कृष्णवर्णीय माणूस आपल्याला मरणापूर्वी पाहायला मिळावा. हे पत्र विस्मृतीत गेले होते. ते २०२० साली संशोधकांच्या हाती लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बॉस्टनमधील त्या पुतळ्याची प्रतिकृती उतरविण्यात आली. वॉशिंग्टनच्या मूळ पुतळ्याबद्दल कृष्णवर्णीयांतच दोन मते पडली; आमच्या पणज्यांनी घामाच्या पैशातून उभारलेले स्मारक पाडू नका, असे म्हणणारेही पुष्कळ होते. ते म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही.

याउलट मळेवाल्यांच्या बाजूची स्मृती किती शिस्तीने घडली पाहा. बंडखोर राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हानात म्हणाला होता की, आमच्या राज्याची कोनशिलाच कृष्णवर्णीयांच्या दास्यावर बसविली आहे. पराभवानंतर, १८६८ मध्ये, त्याच गृहस्थाने जाडा ग्रंथ लिहून सांगितले की, लढा राज्यांच्या घटनात्मक हक्कांसाठी होता! १८९४ साली बंडखोर सैनिकांच्या लेकींची संघटना निघाली. तिने चौकाचौकांत आणि न्यायकचेऱ्यांसमोर पुतळे उभारले आणि शाळांची पुस्तके चाळणीतून काढली. १९२० च्या सुमारास या संघटनेच्या इतिहासकार बाईंनी पुस्तके तपासण्याची एक मोजपट्टीच छापली. मालक क्रूर होते किंवा युद्ध गुलामगिरीसाठी झाले, असे जे पुस्तक म्हणेल ते नाकारावे आणि ग्रंथालयात असेल तर त्यावर तसा शेरा मारावा, असे तिचे नियम होते. बहुतेक पुतळे युद्धानंतर लगेच उभे राहिले नाहीत. ते मतदानाचा हक्क हिरावला गेल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उभे राहिले. शोकाची स्मारके लवकर होतात, विजयाची सावकाश होतात.

विद्यापीठेही मागे राहिली नाहीत. कोलंबिया विद्यापीठात प्रा. विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी पुनर्रचनेवर राज्यवार ग्रंथ लिहिले. कागदपत्रांचा कसून वापर आणि गृहीतक एकच : कृष्णवर्णीयांना मत देणे ही घोडचूक होती. त्या पांडित्याचा सामान्य माणसापर्यंत अनुवाद १९१५ च्या 'बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने केला. तो राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या निवासस्थानी दाखविला गेला आणि त्याच वर्षी क्लान पुन्हा जन्मली.

नेमक्या त्याच वर्षांत, १९१३ ते १९१६, भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेत होते. पुढे १९४७ साली राज्यघटनेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांच्या कलमांना आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा निर्देश केला. डनिंगपंथी विद्वानांनी ज्यांना चुका म्हणून निकालात काढले आणि ज्यांतला दुसरा न्यायालयाने रद्दही केला, तेच कायदे त्यांना अस्पृश्यांसाठी मौल्यवान वाटले. त्याच निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन राज्याच्या मालकीची असावी, अशीही मागणी आहे. मत मिळून जमीन न मिळाल्याचा परिणाम त्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

१९४६ च्या जुलैत आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाबद्दल विचारणा केली होती. या द्यु बॉइस यांनीच १९३५ साली 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा ग्रंथ लिहून डनिंगच्या इमारतीला सुरुंग लावला. गुलामांनी युद्धकाळात मळे सोडले, हा सार्वत्रिक संप होता, असे ते म्हणतात. ही संज्ञा थोडी ताणलेली वाटते. दक्षिण कॅरोलायनातील राजवटीला कामगारवर्गाची हुकूमशाही म्हणण्याचा मोह तर त्यांचा त्यांनीच आवरला आणि प्रकरणाचे नाव बदलले. पण ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळेतील क्रमिक पुस्तके एकेक करून तपासली आणि इतिहासाच्या नावाने प्रचार कसा चालतो हे दाखविले, त्याला आजही उत्तर नाही. विद्वत्जगताने त्यांचे म्हणणे स्वीकारायला तीस वर्षे घेतली. तीही रस्त्यावर नागरी हक्कांचा लढा उभा राहिल्यावर. इतिहासाची पुस्तके ग्रंथालयात बदलत नाहीत.

न्यू ऑर्लिन्समध्ये १८७४ साली निवडून आलेल्या सरकारविरुद्ध झालेल्या सशस्त्र उठावाचा स्तंभ १८९१ पासून होता; १९३२ साली त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा गौरव कोरण्यात आला; २०१७ साली तो रात्रीच्या अंधारात हलविण्यात आला. रिचमंडमधील ली याचा भव्य पुतळा १८९० ते २०२१ असा उभा राहिला. २०१७ मध्ये रॉबर्ट स्मॉल्सच्या ब्युफर्ट परिसरात पुनर्रचनेचे पहिले राष्ट्रीय स्मारक जाहीर झाले. घड्याळ मात्र एकाच दिशेने फिरते असे नाही. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इतिहासात 'सत्य आणि शहाणपण' परत आणण्याच्या नावाखाली सरकारी वस्तुसंग्रहालये व स्मारके यांच्या फेरतपासणीचा आदेश काढला. त्याआधी फेब्रुवारीत बंडखोर सेनापती ब्रॅगच्या नावाची लष्करी छावणी त्याच नावाने परत आली. फक्त आता ते नाव त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका सैनिकाचे असल्याचे सांगण्यात आले. मोजपट्टी घेऊन बसलेल्या बाईंना ही युक्ती आवडली असती.

कोलफॅक्समध्ये १३ एप्रिल २०२३ रोजी, दीडशे वर्षांनी, काळ्या दगडाचे नवे स्मारक उघडण्यात आले. ठार झालेल्या ज्या कृष्णवर्णीयांची नावे निश्चित करता आली, ती त्यावर कोरलेली आहेत. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत मृतांपैकी एकाचा वंशज होता आणि हल्लेखोरांपैकी एकाचाही वंशज होता. गावच्या दफनभूमीतला १९२१ चा स्तंभ त्या दिवशीही आपल्या जागी होता; त्यावरील तीन नावांशेजारी कोणी नवी ओळ कोरलेली नव्हती.